नऊ महिन्यांचं वर्ष

बँकेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे; पण भिंतीलाही कान असतात, आणि तिला तर तिचे दोन होतेच. नावाचा तिला राग नव्हता. खडा राहून गेला तर दात चाळणीचा पडत नाही, खाणाऱ्याचा पडतो, एवढं ती मनाशी म्हणे आणि पुढची फाईल ओढे.

काम एकच, एकतीस वर्षांचं. कर्ज मागायला आलेल्या कारखान्यांचे ताळेबंद वाचायचे आणि घर वाशांवर उभं आहे की नुसत्या रंगावर, ते सांगायचं. एकटा आकडा मुका असतो, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकांकडून ऐंशी लाख येणं आहे, हे फार की थोडं, कोण सांगणार? त्याला विक्रीच्या शेजारी बसवलं की तो बोलायला लागतो. विकलेल्या मालाचे पैसे हातात पडायला किती दिवस लागतात. तयार माल गोदामात किती दिवस धूळ खातो. नफ्यातून बँकेचं व्याज किती वेळा फिटेल. अशी दहा-बारा प्रमाणं काढली की कारखान्याची नाडी हाताला लागते. वैद्य पोट दाबून बघतो, ती भागाकार करून बघायची.

बाकीचे लोक ताळेबंद पहिल्या पानापासून वाचत. ती शेवटच्या पानापासून वाचायची. शेवटी बारीक अक्षरांत टिपा असतात, आणि त्या कोणी वाचू नयेत अशाच बेताने छापलेल्या असतात.

"पहिलं पान म्हणजे नटूनथटून काढलेला फोटो," ती सांगायची. "टिपा म्हणजे फोटोच्या वेळी पलंगाखाली सारलेला पसारा. कुणाकडे गेलं की आधी पलंगाखाली वाकून बघावं."

"म्हणूनच तुम्हाला कोणी घरी बोलवत नाही," पलीकडच्या टेबलावरचा रोखपाल म्हणायचा.

"बोलावतात की. नंतर कर्ज मागतात, म्हणून मीच जात नाही."

तीन वर्षांपूर्वी बँकेत ज्योतिषी आला. हे नावही रोखपालानेच ठेवलेलं. तो संगणकातला एक प्रोग्रॅम होता. ताळेबंद त्याच्या पोटात घातला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी प्रमाणं काढायचा, त्याच धंद्यातल्या शंभर कारखान्यांशी ताडून बघायचा आणि पडद्यावर ठिपके मांडायचा. तारेवर पाखरं बसावीत तसे ठिपके गर्दीने बसलेले असत. एखादा थव्यातून फुटून लांब पडलेला दिसला की तो लाल व्हायचा.

"बाई, तुमचं ओझं उतरलं," साहेब म्हणाले. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, जिभेवर साखर असलेला माणूस. "आता वाचत बसायचं नाही. नजर घालायची आणि सही करायची."

"नजर घालायची म्हणजेच वाचायचं ना, साहेब?"

साहेब हसले. ती मात्र वाचत राहिली. ज्योतिषाला आकडे कळत, शब्द कळत नसत. टिपा शब्दांत असतात. दोन वर्षांत तिने त्याचे सात लाल ठिपके हिरवे करून दाखवले आणि चार हिरव्यांचं पितळ उघडं पाडलं. त्या दिवसांत ती जिन्यावरून उतरायची तेव्हा तिची मान एरवीपेक्षा बोटभर वर असायची.

घरी ती एकटी. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. होता तो एक दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, सुटलेल्या नाडीचा आणि वाहत्या नाकाचा. तेव्हापासून ती त्याला भाऊजी म्हणे आणि अहो-जाहो करी. "एवढ्याशा पोराला कसलं अहो," असं नवरा म्हणायचा, तर ती म्हणायची, "मान दिला की मूल वाकडं चालत नाही." भागाकार त्याला तिनेच शिकवला. तो चालला सरळच. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि पंचवीस वर्षांत मुकादम झाला. साठ माणसं त्याच्या हाताखाली होती. बायको-मुलं धाकट्या मुलीच्या शाळेसाठी दुसऱ्या गावी राहत, म्हणून तो दर रविवारी दुपारी वहिनीकडे जेवायला यायचा.

तो कारखाना तिच्याच बँकेचा गिऱ्हाईक. ही गोष्ट तिला पहिल्यांदा कळली त्याच रविवारी तिने ताट वाढता वाढता सांगून टाकलं, "भाऊजी, आजपासून कारखान्याचं माझ्यापुढे अवाक्षर काढायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही."

"आणि मी पडलो-झडलो तर?"

"ते सांगा. कुठे पडलात ते सांगू नका."

बँकेचा नियम एवढा कडक नव्हता. मालक नात्यातला असेल तर कळवावं, एवढंच छापील फॉर्मवर होतं. मुकादमाचं त्यात नाव नव्हतं. पण तिचा नियम बँकेच्या नियमाहून चार बोटं उंच होता. तेव्हापासून दर रविवारी ते दोघं हवा, गुडघे, मुलांचे मार्क, वरच्या मजल्यावरच्या माणसाचं खोकणं, असं सगळं बोलत. कारखाना मात्र उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी राही.

गेल्या वर्षी त्या कारखान्याची फाईल आली. बँकेने दिलेलं खेळतं भांडवल दर वर्षी नव्याने मंजूर करावं लागे. त्यातूनच कागदाची रिळं येत, पगार होत, चाकं फिरत. ज्योतिषाने ताळेबंद गिळला आणि पडद्यावर तीन लाल ठिपके टाकले. विक्री चार कोटी ऐंशी लाखांवरून तीन कोटी साठ लाखांवर आलेली, म्हणजे सरळ पाव हिस्सा बुडालेला. गिऱ्हाइकांकडून पैसे यायला आधी एकसष्ट दिवस लागत, ते आता एक्याऐंशी झालेले. माल आधी पंचेचाळीस दिवस गोदामात राही, तो आता साठ दिवस पडून. शंभर खोकेवाल्यांच्या थव्यातून हा एक ठिपका लांब, एकटा, लालभडक बसला होता.

तिला पहिल्यांदा आठवले ते आकडे नव्हते, ताटावर वाकलेली भाऊजींची मान होती.

मग तिने बाकीची प्रमाणं पाहिली, आणि तिथे काहीतरी टोचलं. नफ्याचं प्रमाण जागच्या जागी होतं. व्याज फेडायची ताकद जागच्या जागी होती. विक्री पाव हिश्शाने घसरलेला कारखाना असा ताठ उभा राहत नाही. त्याचा नफा विक्रीच्या दुप्पट वेगाने घसरतो. पगाराचा आकडाही नेमका पाव हिश्शाने कमी होता. विक्री घटली म्हणून पगार आपोआप घटतात का? माणसं काढली असतील तर भाऊजींचा चेहरा बोलला असता.

एरवी एवढा काटा बोचला असता तर तिने फाईल उलटी करून शेवटचं पान काढलं असतं. त्या दिवशी तिचा हात तिथपर्यंत गेला आणि थांबला.

तू काय शोधतेस, तिने स्वतःलाच विचारलं. सबब शोधतेस. घरच्या माणसासाठी पळवाट शोधतेस. परक्याचा कारखाना असता तर तीन लाल ठिपक्यांवर तू काय केलं असतंस? परक्याच्या कारखान्यातही तिने टिपा वाचल्याच असत्या, हे खरं उत्तर होतं. पण माणूस स्वतःवर पहारा ठेवायला बसला की आधी स्वतःवरच लाठी उगारतो. चाळणीबाईने दिराला वाचवलं, असं उद्या कोणी म्हणू नये, एवढंच तिला दिसत होतं. तिने फाईल मिटली आणि अहवाल लिहिला: उलाढाल घटली आहे, येणी अडकली आहेत, माल पडून आहे, कर्जाची मर्यादा वाढवू नये, आहे तीही आवळावी. खाली सही केली. ती सही तिच्या आयुष्यातली सगळ्यांत सुबक सही होती, असं तिला त्या वेळी वाटलं.

बँकेने हात आखडला. कागदवाल्याला वास लागला, त्यानेही उधारी बंद केली. रिळं नाहीत म्हणून ऑर्डरी परतल्या. मालकाने आणखी दोन ठिकाणी पायऱ्या झिजवल्या. तिथे आधी हेच विचारत, की जुन्या बँकेने का नाकारलं? चार महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं. यंत्रं भंगाराच्या भावात गेली आणि मालक मुलीकडे राहायला निघून गेले.

त्या चार महिन्यांत भाऊजी रविवारी येत राहिले, गुडघ्यांचं बोलत राहिले. तिने शब्द विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही. नियम तो नियम.

यंत्रंही गेल्यानंतरच्या एका रविवारी जेवण झाल्यावर ते खिडकीशी बसले. पुढ्यातला चहा निवला.

"आता बोललं तर चालेल ना, वहिनी? बोलायला काही उरलंच नाही म्हणा."

"बोला."

ते बोलत राहिले. पाणी साचलेलं शेत बांध फुटल्यावर वाहतं, तसे. कोणतं यंत्र कोणत्या आवाजाने सुरू व्हायचं, रात्रपाळीत कोण गाणं म्हणायचं. ती ऐकत होती, मधून मधून हुं म्हणत होती.

"आणि यंदा तर वर्षही धड पुरं नव्हतं," ते म्हणाले. "मालकांच्या भावाचा छपाईचा धंदा जोडून घ्यायचा होता. त्याचं वर्ष आमच्या आधी तीन महिने संपतं. दोन्ही हिशेब एका दिवशी मिटावेत म्हणून आमचं वर्ष नऊ महिन्यांतच मिटवलं. माल मोजायला आम्हाला ऐन थंडीत उभं केलं. बोटं गारठली होती. पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवणारे आमचे खळवाले काका म्हणाले, यंदा वर्ष अपुऱ्या दिवसांचं जन्मलं."

ते स्वतःच्या बोलण्यावर हसले. तिला हसू आलं नाही. तिच्या हातातली कपबशी खाली गेली नाही, वरही गेली नाही.

"किती महिन्यांचं?" तिने विचारलं.

"नऊ. सांगितलं की."

त्या रात्री तिला हिशेब करायला कागद लागला नाही. तो छतावर दिसत होता. तीन कोटी साठ लाख विक्री ही नऊ महिन्यांची. महिन्याला चाळीस लाख. मागच्या वर्षीही महिन्याला चाळीसच. ज्योतिषाने येण्याला नऊ महिन्यांच्या विक्रीने भागलं आणि तीनशे पासष्ट दिवसांनी गुणलं. गुणायला हवं होतं दोनशे पंचाहत्तर दिवसांनी. ऐंशी लाखांची येणी, मग एकसष्ट दिवस. माल, पंचेचाळीस दिवस. एकही काडी इकडची तिकडे नव्हती. नफा आणि व्याज दोन्ही नऊ-नऊ महिन्यांचं, म्हणून ते प्रमाण हललं नव्हतं. पगारही नऊ महिन्यांचे. काटा बरोबर जागी टोचत होता.

सोमवारी तिने तळघरातून फाईल काढली. शेवटच्या पानावर बारावी टीप होती. दीड ओळ. या वेळचं हिशेबी वर्ष नऊ महिन्यांचं असून मागील वर्षाशी तुलना करताना हे ध्यानात घ्यावं.

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. दार लोटलं, पाणी दिलं.

"बाई, चूक प्रोग्रॅमची आहे."

"सही माझी आहे."

"मी त्यात एक रकाना घालायला सांगतो, वर्ष किती महिन्यांचं ते विचारणारा. पुन्हा असं व्हायचं नाही."

"आणि हा कारखाना?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "कारखाना कुठे राहिलाय? यंत्रं विकून आपलं कर्ज पुरतं फिटलं. फाईल बंद आहे. बंद फाईलवर मी काय लिहू?"

"चांगला होता, एवढं लिहा."

"कुणासाठी?"

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमच्या. ही गोष्ट इथेच ठेवू." आणि त्यांनी ती खरंच तिथेच ठेवली.

तिला ती तिथे ठेवता येईना. पुढच्या रविवारी तिने ताट वाढलं नाही. भाऊजी आले, त्यांनी चुलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बरं नाही का?"

"बसा. तुमचा कारखाना मी बंद केला."

तिने सगळं सांगितलं. लाल ठिपके, काटा, फाईलपर्यंत जाऊन थांबलेला हात. लपवलं काही नाही, आणि स्वतःला कोपराने ढकलून पुढेही केलं नाही. भागाकार पूर्वी शिकवला होता तसाच कागदावर मांडून दाखवला. ते मान खाली घालून आकडे बघत राहिले, बारा वर्षांच्या पोरासारखे, ओठ हलवत.

"म्हणजे आमचा कारखाना चांगला होता?"

"चांगला होता."

"माल पडून नव्हता?"

"नेहमीइतकाच होता."

त्यांचा चेहरा उतरत उतरत असा झाला की तिला वाटलं आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वहिनी, मालकांनी आम्हाला तेच सांगितलं होतं. बँक म्हणते तुमचा माल पडून राहतो. आम्ही म्हटलं, का पडून राहतो? काहीतरी वाईट निघत असणार. खोकी उकलत असणार. उकलतात कशानं, तर खळ पातळ." ते थांबले. "खळवाले काका तीस वर्षं त्या कढईपाशी उभे. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, तुमच्या हातानं कारखाना बुडाला. साठ माणसांसमोर. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत."

"तुम्ही का बोललात असं?"

"बँक खोटं कशाला बोलेल?"

मग ते उठले. "त्यांच्याकडे जायला हवं."

"मी येते."

"तुम्ही कशाला?"

"सही माझी आहे," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

खळवाले काका एका लांबट इमारतीच्या तळमजल्यावर राहत. दार उघडंच होतं. म्हातारा खाटेवर बसून सून निवडत असलेल्या भाजीकडे बघत होता. मुकादमाला बघून उठला नाही. सुनेने दोन खुर्च्या पुसल्या, आणि काही न विचारता आत गेली.

तिनेच आधी सांगितलं. दिवस, महिने, भागाकार हे सगळं वगळून एवढंच सांगितलं, की बँकेचा हिशेब चुकला, चूक माझी, तुमच्या खळीत दोष नव्हता.

"मला ठाऊक होतं," काका म्हणाले.

"काय?"

"खळ पातळ नव्हती ते." त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून दाखवलं. बोटं पांढरट, भेगाळलेली होती. "बोटाला कळतं. तार सुटते तिची. तीस वर्षांत दोनदा पातळ झाली होती, दोन्ही वेळा मीच ओतून दिली."

"मग त्या दिवशी बोललात का नाही?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, बँकेकडे आकडे आहेत. आकड्यापुढे बोटाचं कोण ऐकतं, मुकादम?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "मग घरी बसून मलाच वाटायला लागलं, की बोटच म्हातारं झालं असेल. चार महिने हात पाण्यात घालून बघतोय, बोटाला अजून कळतंय का म्हणून."

भाऊजींनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. काकांनी पाय मागे घेतले.

"ते नको. तुम्ही सगळ्यांपुढे म्हणाला होतात. सगळ्यांपुढे सांगा."

"सगळे आता कुठे आहेत, काका? कारखाना नाही, पाळी नाही. कोण कुठे पांगलंय."

"मग एकेकाच्या घरी जा," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

त्याच संध्याकाळी ते दोन घरी गेले. पुढच्या रविवारी चार. भाऊजी आधी बोलत, काकांची खळ चांगली होती म्हणून सांगत. मग ती बोले. कुणी पाणी दिलं, कुणी दारातूनच ऐकलं. एका बाईने विचारलं, "कारखाना चांगला होता म्हणता, मग आता आम्ही काय करायचं?" आणि उत्तराची वाट न बघता कडी घातली. एकाने, जो आता कुठेतरी रात्रीचा पहारा करत होता, सगळं ऐकून एवढंच विचारलं, की हे आधी कळलं असतं तर? भाऊजींनी वहिनीकडे पाहिलं नाही. परत येताना ते चार पावलं पुढे चालत होते. पूर्वी कधी तसे चालत नसत. तिच्याकडे जेवायला ते आता बसत नाहीत, दाराशी येऊन हाक मारतात, आणि ती तयारच असते.

पाच रविवारांत एकोणीस घरं झाली. सात जण गाव सोडून गेलेत, त्यांचे पत्ते मिळवायचे आहेत. बाकीची घरं शहराच्या पलीकडच्या टोकाला आहेत, दोन बस बदलून.